लागती का?

“आबा, तुम्ही उतरा,” साळवे मास्तर म्हणाले.

आबा जीपमध्ये बसले होते. डोक्याचा पटका सोडून त्यांनी कपाळाला गुंडाळला होता आणि तो एका बाजूनं लाल झाला होता. बाकी माणूस शुद्धीवर होता, बोलत होता. शेजारच्या बाईचं रडतं पोर त्यांनी मांडीवर घेतलं होतं. रस्त्यावर आमची एसटी उसाच्या ट्रॉलीत तोंड खुपसून उभी होती. पुढची काच गेली होती आणि ऊस तिसऱ्या सीटपर्यंत आत शिरला होता. हुसेनभाई ड्रायव्हर केबिनमध्ये अडकले होते. त्यांचे पाय सोडवायला उसाच्या गाड्यांवरची माणसं पहारी घेऊन भिडली होती. पाटसकडून आलेली ही पहिलीच जीप, आणि ती भरून गेली होती.

“कुणासाठी उतरू?” आबांनी विचारलं. रागानं नाही, माहीत असावं म्हणून.

मास्तरांनी बाभळीखाली बोट दाखवलं. तिथं माझी धाकटी जाऊ शेवंता बसली होती. लुगड्यावर अंड्यांचा बलक ओघळला होता. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता.

“तिला काय झालंय?” जीपमधला एक जण नाक दाबून ओरडला. त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. “धडधाकट तर बसलीय. ए बाई, तुला लागलंय का?”

“न्हाई,” शेवंता म्हणाली. “मला कुटं लागलंय.”

“ऐका. तीच न्हाई म्हणती.”

“न्हाई म्हणती म्हणूनच,” मास्तर म्हणाले.

जीपमध्ये गलका झाला. एक बाई तर म्हणाली, ह्या मास्तराच्याच डोक्याला मार लागलाय. आबांनी पोर त्याच्या आईकडं दिलं आणि जीपच्या मागच्या फळीला धरून खाली उतरले. मास्तरांनी आणि दुसऱ्या एकानं शेवंताला उचलून त्यांच्या जागेवर बसवलं. “मला काय झालंय, मला कशाला नेताय,” असं ती म्हणत होती. जीप गेली.

या गोष्टीवर पारगावची माणसं एक बोलतात आणि न्हावऱ्याची दुसरं. मी तिथं होते. माझे पुढचे दात सीटच्या दांडीवर आपटून पडले होते आणि तोंडात पदराचा बोळा होता, म्हणून मला तेव्हा काही बोलता आलं नाही. डोळे मात्र धड होते. मास्तर कसे होते ते कळल्याशिवाय त्यांनी असं का केलं ते कळायचं नाही, म्हणून आधी मास्तर सांगते.

आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, तो काही शिकवत नसला तरी. साळवे मास्तर शिरूर-दौंड गाडीवर होते. ही नव्वद सालानंतरची वर्षं. सकाळी शिरूरहून निघालेली गाडी न्हावऱ्याला यायची, तिथून पारगाव, चौफुला, पाटस आणि दौंड. मी आणि शेवंता बाजाराला त्याच गाडीनं जायचो. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, शेती आली, आणि आम्ही दोघी जावांनी कोंबड्या पाळल्या. दौंडला रेल्वेच्या चाळीत गावरान अंड्यांना गिऱ्हाईक चांगलं. दुरडीत कोंडा घालायचा, त्यात अंडी रचायची आणि दुरडी मांडीवर घेऊन बसायचं. टपावर ठेवली तर फुटतात, खाली ठेवली तर लोक पाय देतात.

मास्तर उंच आणि वाळलेले होते. खाकी शर्टाची इस्त्री दौंडला पोचेपर्यंत मोडायची नाही, कारण ते कुठं टेकायचेच नाहीत. दाराजवळ कंडक्टरची सीट असते. तिच्यावर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा, आणि मास्तर पुढून मागं, मागून पुढं. तिकिटाचा चिमटा हातात असायचा, तो दांडीवर टकटक वाजायचा. तिकिटं संपली तरी वाजायचा. म्हाताऱ्या माणसांची झोपमोड व्हायची.

“मास्तर, जरा बुड टेका की,” कुणी म्हटलं, तर म्हणायचे, “टेकलं की डोळं मिटत्यात. डोळं मिटलं की कुणीतरी खिडकीतनं हात काडतंय.”

दौंडला त्यांच्या घरी मी दोनदा गेले होते, अंडी द्यायला. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलीची पुस्तकं. त्यांची बायको मला म्हणाली, “घरी पन उभ्यानंच जेवत्यात. मी ताट खाली मांडतच न्हाई आता, हातातच देती.” मास्तर तेव्हाही दारात उभे होते आणि रस्त्यावरून गेलेल्या गाडीकडं बघत होते.

गाडी स्टँडवर आली की ते आधी खाली उतरायचे. चढणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचे, “लागती का?”

गाडी लागते, म्हणजे पोटात ढवळून उलटी होते. ते विचारायचे. पण स्टँडवर गाडी येऊन उभी राहिली तरी ती लागलीच म्हणतात. मग कुणी पळत यायचं आणि विचारायचं, “मास्तर, दौंड लागली का?”

“दौंड लागली. तुमाला दौंड लागती का त्ये सांगा.”

त्यांच्याकडं हा एकच विनोद होता. तो ते रोज करायचे. हसायचे एकटे हुसेनभाई, तेही स्टेअरिंगकडं बघून.

ज्यांना गाडी लागायची त्यांना ते डाव्या अंगाच्या खिडकीला बसवायचे. उजव्या अंगानं समोरून ट्रक येतात, उसाच्या गाड्या येतात, तिकडं लागणारं माणूस बसू द्यायचे नाहीत. डावीकडं कुणी आधी बसलेलं असलं तर उठवायचे. मग तो कुणी का असेना, पुढारी असो, पाहुणा असो.

“पावनं, उठा. हितं लागणारी बसणार हाय.”

“मी रुमाल टाकलाय सीटवर.”

“रुमालाला लागत न्हाई. रुमाल घ्या आन् तिकडं बसा.”

लोक शिव्या द्यायचे. साहेबाकडं तक्रारीही गेल्या. फरक पडला नाही. खिशात कागदाची पुडी असायची, तिच्यात कापलेलं लिंबू आणि मीठ. कुणाची मान खाली जायला लागली की पुडी उघडायची.

हे कशामुळं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. हुसेनभाईंनी सांगितलं. नोकरी नवी असताना एक नवी नवरी गाडीत होती. सासरची माणसं बरोबर. उलटी आली तेव्हा सांगायची तिला लाज वाटली, आणि तिनं उजवीकडून डोकं बाहेर काढलं. समोरून ट्रक आला. एवढंच हुसेनभाई बोलले. गाडीची बाजू डेपोत दुसऱ्या माणसानं धुवायची, ती मास्तरांनी स्वतः धुतली म्हणे.

माझी सासू जुन्या वळणाची. मास्तर कुठल्या समाजाचे ते तिला माहीत होतं. एकदा आम्ही तिला दौंडला डोळे दाखवायला नेत होतो. चौफुल्याच्या आधीच तिचा रंग उतरला. मास्तरांनी लिंबू पुढं केलं. तिनं तोंड फिरवलं.

“नगं.”

मास्तरांना कळलं. असं कळायची त्यांना सवय असणार. त्यांचा चेहरा हलला नाही.

“आजी, आधी घेताय का उलटी झाल्यावर घेताय, येवढंच सांगा. म्हंजी मी तसा उभा ऱ्हातो.”

पुढं दोन वळणं झाली. सासूनं मान न वळवता हात मागं केला. मास्तरांनी लिंबू हातावर ठेवलं. घरी आल्यावर ती आम्हाला म्हणाली, “घरात सांगू नका.” आम्ही सगळ्यांना सांगितलं.

शेवंताची गोष्ट निराळी. तिला गाडी लागायची, चांगलीच लागायची. पण ती कबूल करायची नाही. तिच्या माहेरी मोठा कळप होता. लहानपणी मेंढरांमागं ती कोकणापर्यंत पायी गेलेली. जी एवढं चालली तिला गाडीत बसून उलटी होते, हे लोकांना कळलं तर काय, असा तिचा हिशेब. तिला दुसऱ्याही गोष्टी कबूल करता यायच्या नाहीत. विळ्यानं बोट कापलं तर हात पाठीमागं लपवायची. ताप आला तर म्हणायची चुलीपुढं बसले म्हणून अंग गरम आहे.

“शेवंताबाई, लागती का?”

“मला न्हाई लागत.”

रोज हे असंच. मास्तर तिला तरीही डावीकडं बसवायचे. “हितं ऊन कमी हाय,” म्हणायचे, डावीकडं ऊन असलं तरी. पारगावचा पूल गेला की तिचे ओठ पांढरे पडायला लागायचे. मास्तर तिच्यासमोर येऊन भलतीकडं बघत उभे राहायचे आणि तिच्या दुरडीच्या काठावर लिंबाची फोड ठेवून पुढं जायचे.

“ह्ये कुणाचं ऱ्हायलं गं, आक्का?” शेवंता मला विचारायची.

“तुजंच आसंल.”

“माजं कशाला? मला कुटं लागती?” म्हणायची आणि फोड तोंडात टाकायची.

मी एकदा मास्तरांना म्हटलं, तुम्ही तिला तोंडावर का सांगत नाही की तू खोटं बोलतेस. ते म्हणाले, “आक्का, काय माणसांचं न्हाई म्हंजी व्हय आसतं. त्ये एकदा वळखलं की झालं. भांडून काय करायचं?”

आणि पारगावला चढायचे ते आबा. शेतकरी माणूस, पांढरा पटका, बोलणं थोडं. नातवाला दौंडला दवाखान्यात न्यायचे, त्याच्या कानाचं काहीतरी होतं. पोरांच्या तिकिटावरून गाडीत रोज तमाशा व्हायचा. मिशी फुटलेल्या पोराला आया मांडीवर घ्यायच्या आणि अर्धं तिकीट मागायच्या. मास्तर आईला विचारायचेच नाहीत. पोराला विचारायचे, “कितवीला हायेस?” पोरगं छाती काढून सांगायचं, आई त्याला चिमटा काढायची, आणि गाडी हसायची.

आबांच्या नातवाचं मास्तरांनी एकदा न विचारताच अर्धं फाडलं. पोर किरकोळ होतं, दिसायचं लहान.

“मास्तर, त्याला बारावं सरलंय,” आबा म्हणाले. “गेल्या पंचमीला.”

“दिसत न्हाई, आबा.”

“दिसत न्हाई, पन सरलंय.”

मास्तर त्यांच्याकडं बघत राहिले. चिमट्याची टकटकसुद्धा थांबली. मग पूर्ण तिकीट फाडलं. त्या दिवशी दौंडला उतरताना मला म्हणाले, “आक्का, ह्या गाडीत एकच मानूस हाय, ज्याला परत इचारायला लागत न्हाई.”

आता तो दिवस.

कारखाना चालू होता. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रस्त्यानं चालले होते. सकाळची वेळ, ऊन आलेलं, पण कालव्याकडून धुकं अजून रस्त्यावर लोळत होतं. पाटसच्या अलीकडं एका ट्रॉलीचं चाक निखळलं होतं आणि ती अर्ध्या रस्त्यात उभी होती. मागं दगड नाही, फांदी नाही, लाल कापड नाही. हुसेनभाईंनी ब्रेक मारला, त्याचा आवाज मला आठवतो. पुढचं आठवतं ते तोंडात लोखंडाची चव.

एसटीच्या सीटला मागच्या बाजूनं दांडी असते, पुढच्या माणसाची सीट ती मागच्याची दांडी. गाडी थांबली आणि माणसं चालत राहिली. ज्याचं जे पुढं होतं ते दांडीवर गेलं. कुणाचं नाक, कुणाचा गुडघा, माझे दात. आबा त्या दिवशी नातवाशिवाय एकटेच होते, त्यांचं डोकं खिडकीच्या चौकटीवर गेलं. शेवंताचे हात मोकळे असते तर तिनं दांडी धरली असती. तिनं दुरडी धरली. अंडी वाचवायची म्हणून पोटाशी कवटाळली, आणि दुरडीचा काठ दांडीत आणि तिच्या पोटात सापडला.

मास्तर उभेच होते. ते पुढं फेकले गेले, केबिनच्या जाळीवर आपटले आणि उसात पडले. उसातूनच उठले. एक हात लोंबत होता. दुसऱ्या हातानं त्यांनी दार उघडलं आणि ओरडायला लागले, “सावकाश उतरा. ढकलू नका. काचंवर हात ठेवू नका.” गाडीत उसाच्या रसाचा गोड वास भरला होता आणि त्यात लोक विव्हळत होते. आजही रसाच्या गुऱ्हाळासमोर मी थांबत नाही.

खाली सगळ्यांना बाभळीखाली बसवलं. मास्तर एकेकासमोर वाकायचे आणि विचारायचे, “लागलंय का? कुटं लागलंय?” रोज लागती का विचारणारा माणूस, आता हे विचारत होता. शेवंताकडं आले.

“शेवंताबाई, लागलंय का?”

“न्हाई, मास्तर. आंडी फुटली.”

ते पुढं गेले. रक्त दुसरीकडं होतं ना. एकाच्या मांडीत काच होती, एका बाईचा हात उलटा वळला होता. आबांना विचारलं, “आबा?” आबा म्हणाले, “खोक पडलीय. बाकी बरं हाय मला.”

तेवढ्यात जीप आली. वडापची, म्हणजे माणसं कोंबून भाड्यानं नेणारी खासगी जीप. या जीपवाल्यांशी मास्तरांचं वैर. एसटीच्या पुढं पळून प्रवासी उचलतात म्हणून ते त्यांच्याशी बोलायचे नाहीत. एकदा गाडी बंद पडली तेव्हा जीपवाला फुकट नेतो म्हणाला, तर मास्तर चौफुल्यापर्यंत चालत गेले होते. त्या दिवशी ते जीपच्या आडवे उभे राहिले आणि जीपवाल्याला हात जोडले, म्हणजे एक हात छातीशी नेला. दुसरा उचलत नव्हता.

लोक भराभर चढले. आबांना कुणीतरी हाताला धरून बसवलं. मास्तर फळी लावणार, एवढ्यात शेवंता ओकली. बसल्या जागी, बाजूला मान वळवून, थोडंसंच. आणि पदरानं तोंड पुसून इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. नेहमीसारखं.

मास्तरांनी पाहिलं. ते वळून तिच्यापाशी आले. गाडी बंद आहे, रस्ता बंद आहे, बाई झाडाखाली बसली आहे, आणि हिला लागतेय. त्यांनी तिच्या पोटावर बोट ठेवलं. तिनं ओठ दाताखाली धरला.

“दुखतंय का?”

“न्हाई.”

“आज तरी खरं बोला.”

“न्हाई दुखत म्हणलं ना.”

तेव्हा ते जीपकडं गेले, आत बसलेल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “आबा, तुम्ही उतरा.”

मास्तर आधी सांगते म्हटलं ते एवढ्यासाठीच. ज्या बाईचं नाही खोटं असतं हे त्यांना ठाऊक होतं, तिला त्यांनी चढवलं. ज्या माणसाचं बोलणं खरं असतं हे त्यांना ठाऊक होतं, त्याला उतरवलं.

जीपवाल्याला मास्तर म्हणाले, “थेट दौंड. मधी कुटं थांबलास तर गाठ माझ्याशी हाय.” जीप गेली आणि आबा माझ्या शेजारी येऊन बसले. मला म्हणाले, “दात गेलं का? न्हाई, बोलू नका. बोळा तसाच ऱ्हाऊ द्या.” हुसेनभाईंचे पाय सुटले तेव्हा “सुटलं बगा” असंही म्हणाले. मग म्हणाले, जरा झोप येतेय, पडतो. पटक्याचं टोक डोळ्यांवर ओढलं. मला वाटलं, रक्त गेलंय, थकले असतील.

मास्तर फेरीवर फेरी मारत होते. त्यांना झोपलेले आबा दिसले आणि ते थांबले. “आबा,” म्हणाले. मग गुडघ्यावर बसले. “आबा, लागलंय का? आवो आबा.” आबा घोरत होते. घोरणं निराळंच होतं.

पुढचं वाहन टेम्पो होता, पाठीमागं कांद्याची पोती. त्यावर हुसेनभाईंना, आबांना आणि मला घातलं. मास्तर आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना बसलेलं मी त्या एकदाच पाहिलं. दौंडला डॉक्टर म्हणाले, डोक्यात आत रक्त साचलंय, पुण्याला हलवा. हडपसरच्या अलीकडंच आबा गेले.

दौंडच्या त्याच दवाखान्यात आत शेवंताचं पोट उघडलं होतं. पाणथरी म्हणून काहीतरी पोटात असतं, ते फुटलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. जीपमध्ये आबा राहिले असते तर ते वाचले असते का, असं मास्तरांनी त्यांना विचारलं. माझ्यासमोर विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मास्तरांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं.

हात जुळून आल्यावर मास्तर परत त्याच गाडीवर आले. दुसरी गाडी मागितली असती तर मिळाली असती. आल्यावर माणूस आणखीच अस्वस्थ झाला होता. आता बायकांनाच नाही, सगळ्यांना विचारायचे, आणि दोन-दोनदा. उत्तर ऐकून घेतल्यावरही समोरून हलायचे नाहीत, डोळ्यांत बघत राहायचे.

“मास्तर, एकदा सांगितलं की न्हाई लागत.”

“व्हय, सांगितलं. परत सांगा.”

लोक वैतागले. काही वडापच्या जीपनं जायला लागले. पारगावला गाडी थांबली की मास्तर खाली उतरायचे आणि डबल बेल द्यायची वेळ झाली तरी वर यायचे नाहीत. नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. आबांचा मुलगा सदाशिव कधीकधी तिथं उभा असायचा. तो आमच्या गाडीत चढायचा नाही. गाडी जाऊ द्यायचा आणि पाठमोरा व्हायचा.

मग एका दिवशी तो चढला. मुलाला घेऊन, तोच कानाचा नातू. मास्तर समोर आले. गाडीतले सगळे तिकडं वळून बघायला लागले, कारण सगळ्यांना माहीत होतं.

“दोन दौंड,” सदाशिव म्हणाला.

मास्तरांनी तिकिटं फाडली. हलले नाहीत.

“मास्तर, माज्या बापाला इचारलं व्हतं का तुम्ही?”

“इचारलं व्हतं.”

“काय म्हणलं आबा?”

“बरं हाय म्हणलं.”

सदाशिव खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणाला, “मंग बरं वाटत आसंल त्यांना तवा. त्ये खोटं बोलायचं न्हाईत.”

“त्येच,” मास्तर म्हणाले. “त्येच तर झालं ना.”

पुढं दौंडपर्यंत चिमटा वाजला नाही.

शेवंता त्या दुखण्यानंतर पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा मी बरोबर होते. पोटावर वीतभर टाके होते, त्यांच्याबद्दलही ती म्हणायची की डॉक्टरांनी उगीच फाडलं. आबांचं तिला मी सांगितलं होतं. ऐकून ती उठली होती आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती, आधीच टाकलेले असताना. न्हावऱ्याला गाडी लागली. मास्तर खाली उभे होते. शेवंताला बघून त्यांचं तोंड उघडलं, पण प्रश्न बाहेर पडेना. रोज शंभरदा विचारणारा माणूस, त्याला तेवढे दोन शब्द जमेनात.

शेवंताच म्हणाली, “लागती.”

“आँ?”

“गाडी लागती मला. पैल्यापसनं लागती. कुटं बसू?”

मास्तरांनी डावीकडची खिडकी दाखवली. तिच्या हातात लिंबू दिलं, दुरडीवर ठेवलं नाही. मेलीनं जन्मात पहिल्यांदा खरं सांगितलं, आणि त्या दिवशी नेमकी तिला लागली नाही. दौंडपर्यंत लिंबू मुठीत तसंच राहिलं.

मास्तर निवृत्त झाले त्यानंतर तीन-चार वर्षांनी. मला ते शेवटचे दिसले ते गाडीतच. आम्ही दौंडहून परत येत होतो. पांढरा पायजमा, पिशवी, केस पार गेलेले. कंडक्टर तरणा होता, त्यानं ओळखलं नाही. त्यानं सीट दिली तर मास्तर पिशवी सीटवर ठेवून उभेच राहिले.

“बाबा, बसा की,” तो म्हणाला. “पडाल.”

“पडत न्हाई.”

थोड्या वेळानं ते पुढं गेले आणि एका पोरसवदा बाईसमोर उभे राहिले. उजव्या खिडकीला बसली होती, मान खाली होती.

“बाई, लागती का?”

तिनं मान हलवली, नाही म्हणून. मास्तर तिथंच उभे राहिले. तिनं परत मान हलवली. ते हलले नाहीत. शेवटी डावीकडचा एक माणूस आपणहून उठला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही हिकडं या. ह्ये बाबा काय हलायचे न्हाईत.” कंडक्टर हसला. बाई डावीकडं येऊन बसली आणि पारगावच्या आधी तिनं खिडकीच्या कडेला तोंड नेलं.

आमच्याजवळ आले तेव्हा शेवंताकडं बघितलं. “कसं हाय?”

“मला काय धाड भरलीय,” शेवंता म्हणाली.

मास्तरांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी परत विचारलं नाही.

पारगावला ते उतरले. कुणाकडं चालले होते ते मी विचारलं नाही. आबांच्या वस्तीची वाट तिथूनच जाते. गाडी सुटली. मी वळून बघितलं तर ते रस्त्याच्या कडेला उभे होते आणि आमच्याकडं बघून हातानं जोरजोरात खूण करत होते, आत, आत. शेवंताचं कोपर खिडकीबाहेर होतं. तिनं आत घेतलं. तेव्हा कुठं त्यांनी हात खाली केला आणि पाठ फिरवली.

त्यांच्या त्या गाडीतले आम्ही सगळे जगलो. शेवंता जगली, हुसेनभाई काठी घेऊन का होईना चालले, मी दातांशिवाय बोलते. आबा तेवढे गेले.